यादीतली बत्तिसावी ओळ

सेलूत एक काळ असा होता, की लग्नाच्या कॅसेटवर नवरदेवाचं नाव किती वेगानं येतं यावरून घराण्याची ऐपत ठरायची. हे खोटं वाटेल. पण ते नाव पळवायचं काम मी स्वतः केलं आहे, वह्या भरून केलं आहे, आणि त्या वह्या अजून माझ्या कपाटात क्रमवार लावलेल्या आहेत.

माझा नवरा विलास व्हिडिओ कॅमेरा घेऊन लग्नाला जायचा. सेलू, पाथरी, मानवत, जिथून बोलावणं येईल तिथं. मी दुकानात बसून मिक्सिंग करायचे. दोन व्हीसीआर, एक रंगीत टीव्ही, एक संगणक आणि संगणकाचं चित्र कॅसेटवर उतरवणारी, हैदराबादहून आणलेली एक पेटी, एवढा संसार. मी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी एकच विचारलं होतं, "रेडिओ दुरुस्त करता येतो का?" येत होता. त्यामुळे पुढं मी सोल्डरिंगची कांडी हातात घेतली की घरात कुणी काही म्हणायचं नाही.

गिऱ्हाइकं एकेक. एका मामांना नवरा-नवरी कमळात बसलेली हवी होती. बसवली. मामा टीव्हीकडे बघत म्हणाले, "आन् मी?" मामांसाठी कमळाला एक जादा पान काढावं लागलं. एका कापूस व्यापाऱ्यानं मुलाचं नाव तीनदा परत पाठवलं. "ताई, नाव लय सावकाश यायलंय. लोक म्हणतील पोरगं आळशी हाय. जीपवाणी येऊ द्या ना."

नाव सावकाश येत नव्हतं, अडखळत येत होतं. त्याचं कारण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. संगणक चित्राची नुसती आज्ञा देतो. पडद्यावर ठिपका ठिपका रंग भरायचं काम करते त्याच्या पोटातली एक वेगळी पाटी, ग्राफिक्स कार्ड. नाव सरकवायचं म्हणजे कार्डानं ते पुसायचं, थोडं पुढं पुन्हा काढायचं, पुन्हा पुसायचं. एका सेकंदात हे दहा-बारा वेळा जमलं तर डोळ्याला नाव वाहताना दिसतं. माझं कार्ड सहा वेळा करून दमायचं. कार्डावर चांदीच्या रंगाच्या लहान डब्या असतात, त्यांना क्रिस्टल म्हणतात. क्रिस्टल ठोका देतं आणि त्या ठोक्यावर कार्ड काम करतं. तेव्हा मी विचार केला, की जास्त जलद ठोक्याचं क्रिस्टल बसवलं तर?

आज मुलं याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि माउसची चार बटणं दाबून करतात. मी कांडी तापवून जुनं क्रिस्टल उपसलं आणि हैदराबादच्या बाजारातून आणलेलं दुसरं डकवलं. नाव जीपसारखं आलं. व्यापारी खूश झाला. आठव्या मिनिटाला पडद्यावर पांढरे ठिपके उठले आणि संगणक बंद पडला.

आमचं दुकान कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. तिथले फिटर रशीदभाई दुपारी भिंतीच्या फटीतून हात घालून चहाचा कप घ्यायचे. त्यांना मी हे सांगितलं, तर ते हसले. "भाभी, तुमचा कार्ड बी आमच्या जिनसारखाच हाय की. मी लहान पुली टाकली की जिन जोरात पळतंय. पण बेअरिंग तापतंय. आन् लालूच वाढली की सरकी फुटती, रुई खराब. कुठं थांबायचं ते हाताला कळाया पायजे."

माझ्या हाताला कळायचं नाही, म्हणून मी वहीला रकाने पाडले. वेग, व्होल्टेज, ताप, किती मिनिटं टिकलं. व्होल्टेजचा रकाना खुद्द रशीदभाईंच्या कृपेनं भरायचा. जिन चालू असली की आमच्या मीटरची सुई एकशे ऐंशीवर. जेवणाचा भोंगा झाला, मोटारी बंद पडल्या, की सुई उडून अडीचशेच्या पुढं. तीनेक मिनिटांनी ती खाली येऊन निवांत बसायची. मधल्या काळात स्टॅबिलायझर टक् टक् करायचा आणि प्रत्येक टक्‌ला वाढीव वेगाचं कार्ड दचकायचं. त्यामुळे कॅसेटवर नाव उतरवायची माझी वेळ ठरली: जेवणाचा भोंगा होऊन तीन मिनिटांनी. सेलूतल्या कितीतरी नवरदेवांची नावं जिनिंगच्या जेवणाच्या सुट्टीत पळालेली आहेत.

हे सगळं गमतीचं होतं. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये खंदारे गुरुजी दुकानात आले, तेव्हा गंमत संपून काम सुरू झालं.

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सेलूतच राहिलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी कुठल्याशा लग्नाची आमची कॅसेट पाहिली होती. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "ताई, तुमी नाव पळवता, तसं माणूस चालवता येईल का?"

"कोण माणूस?"

"माणूस दिसायला नको. त्याला जे दिसतं, ते दिसू द्या."

मग त्यांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले. सुंदर अक्षरात यादी होती. अनुक्रमांक, घर कुणाचं, भिंत कशाची, दार कुठल्या दिशेला, दारात काय. एक ते बत्तीस. मी जन्मभर याद्या करत आले; अशी यादी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिली की माझा त्या माणसावर विश्वास बसतो.

पालमच्या बाजूचं त्यांचं गाव. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं, तेव्हा गावातली त्यांची वस्ती जाळली गेली. माणसं वाचली, गल्ली राहिली नाही. पुढं गावाच्या दुसऱ्या अंगाला कॉलनी झाली. त्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव एकदाचं झालं होतं.

"नाव झालं, ताई. सोळा वर्षं लागली," गुरुजी म्हणाले. "आता आमची पोरं विचारायलेत, तुमची गल्ली कशी होती. ती कॉलनीत जन्मलेली. एका रांगेत घरं, सगळी दारं एकाच तोंडाची. त्यांना काय सांगावं?"

"फोटो नाही एखादा?"

"आमच्या गल्लीचा फोटो कोण काढत होतं?" ते हसून म्हणाले. "बरेचसे म्हातारे अजून हायत. जयंतीला सगळे गावात येतेत. चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाली, की टीव्हीवर गल्ली दाखवायची. वेशीकडून आत शिरायचं आणि शेवटच्या घरापर्यंत चालत जायचं. पुढच्या जयंतीला यातले किती असतील सांगता येत न्हाई."

मी हो म्हणाले. का म्हणाले ते वहीत लिहिलेलं नाही.

विलासनं विचारलं, "जमेल का?" मी म्हटलं, यादी चांगली आहे.

संगणकाला मी एक प्रोग्राम लिहिला. गुरुजींची यादी त्याला ओळीओळीनं द्यायची. लांबी, रुंदी, दाराची दिशा, झाड. त्यावरून तो दोन्ही बाजूंना घरं उभी करायचा, आणि बघणारा जसा पुढं सरकेल तशी ती मोठी होत बाजूनं मागं जायची. साध्या सपाट रंगांच्या भिंती, काळी दारं. आज लहान मुलंही त्याला हसतील. चार दिवसांनी गुरुजींना बोलावून दाखवलं.

त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग म्हणाले, "हे कोण चालायलंय? लंगडा हाय का?"

एका सेकंदाला जेमतेम सहा चित्रं पडत होती. गल्ली धक्के खात पुढं येत होती.

"ताई, घरं बरोबर हायत. पण माणूस आपल्या घरी जाताना असा अडखळत जातो का?"

त्या वाक्यानं माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

नावाच्या वेळचं क्रिस्टल पुरेना. त्याच्याहून जलद बसवलं. चालणं सुधारलं, पण सातव्या घराच्या भिंतीचा रंग वाहून आठव्यावर जायचा. जलद ठोक्याला कार्डाला ताकद जास्त लागते. ते पाच व्होल्टवर चालतं. संगणकाच्या वीजपेटीत एक बारीक स्क्रू असतो, तो मीटर लावून केसभर फिरवला आणि पाच पूर्णांक दोन केले. त्याच्या वर जायचं नाही, असं लाल शाईनं लिहून ठेवलं, कारण वर गेलं की कार्ड जळतं आणि दुसरं कार्ड आणायला हैदराबाद. रंग जागच्या जागी राहिले. आता ताप वाढला. मोठ्या चिपवर बोट ठेवून पाच अंक मोजता यायला हवेत, हा माझा थर्मामीटर. दोनच मोजता येत होते. बँडवाल्याच्या जळक्या अँप्लिफायरचा पन्हाळीपन्हाळीचा अॅल्युमिनियमचा तुकडा कापला, ताप ओढून घेणारं मलम लावून चिपवर बसवला, वरून रबर बँड. चार मोजता यायला लागले.

मग मी चूक केली. एप्रिल लागला होता. दुकानात वाळ्याचा कूलर होता, गिऱ्हाइकांसाठी. मी संगणकाचं झाकण काढलं आणि कूलरचं तोंड थेट कार्डाकडं केलं. आम्हाला गार वाटतं म्हणजे त्यालाही वाटेल. पहिल्या दिवशी बोट ठेवून दहा मोजले. मी खुशीत येऊन विलाससाठी शेवयांची खीर केली. चौथ्या दिवसापासून कार्ड मन मानेल तेव्हा बंद पडायला लागलं. कधी तिसऱ्या घराशी, कधी विहिरीशी. व्होल्टेज ठीक, ताप ठीक, तरी बंद.

जयंतीला आठ दिवस राहिले होते. गुरुजी रोज यायचे, काही न विचारता स्टुलावर बसायचे, आणि यादीत भर घालून जायचे. "अकरा नंबरच्या दारात रांजण होता. अर्धा पुरलेला." "चौदाचा कुत्रा लिहू का? नको, कुत्रा राहू द्या." त्यांचं ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड व्हायचं.

मी वही घेऊन बसले आणि बंद पडल्याच्या सगळ्या वेळा एकाखाली एक लिहिल्या. त्यांच्यात काही मेळ दिसेना. मग विलास बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला आला आणि माझं लक्ष घड्याळाकडं गेलं. पाणी कधी भरलं ते मी वहीत लिहीत होते, कारण मी सगळंच लिहिते. दोन रकाने शेजारी धरले. प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर अर्ध्या तासात कार्ड बंद पडलेलं होतं.

कार्ड काढून उन्हात धरलं. चिपच्या बारीक पायांवर पांढरी साय धरली होती. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की घागरीला खडूचा थर बसतो. तेच पाणी कूलरच्या वाऱ्यातून मी इतके दिवस कार्डाला पाजत होते. मी ते बारीक ब्रशनं आणि स्पिरिटनं धुतलं, वाळवलं. कूलर बंद केला, टेबलफॅन लावला. बाहेर बेचाळीस अंश. गुरुजी स्टुलावर घामानं ओले होऊन बसलेले. रशीदभाईंनी फटीतून डोकावून विचारलं, "क्यों भाभी, माणसाला गरमी न् डब्ब्याला हवा?"

"जयंतीपर्यंत."

"मग हमें भी घ्या हिशोबात. काय पायजे ते सांगा."

आता कार्ड चांगलं चालत होतं, पण मर्यादेनं. सलग चार मिनिटं ठाकठीक, आणि त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत उजव्या कोपऱ्यातून पांढरे ठिपके. रोज सहा वेळा करून पाहिलं. वहीत सहाही वेळा तेच. एकतीस घरं चार मिनिटांत बसत होती. बत्तिसावं विहिरीच्या पलीकडं, वळणावर. तिथं पोचेपर्यंत ठिपके यायचे. मध्ये थांबून जोड दिला, तर व्हीसीआरवर तेवढ्या जागी चित्र उडी मारतं. गुरुजींना तर एका दमात चालायचं होतं.

मी यादी पुढं ओढली. बत्तिसाव्या ओळीत गुरुजींनी लिहिलं होतं: कौसाबाई. छप्पर. दाराचा रकाना रिकामा. तसंही माझ्या प्रोग्रामला दार नसलेलं घर काढता येत नव्हतं. ते गोठ्यासारखं दिसायचं.

"गुरुजी, हे शेवटचं छप्पर. घ्यायलाच पाहिजे का?"

गुरुजींनी कागदाकडं पाहिलं. दोन दिवस राहिले होते. ते थकले होते, आणि मला वाटतं, मला आणखी त्रास द्यायचा त्यांना संकोचही वाटत होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "विहिरीपर्यंत आलं तरी आली गल्ली."

मी पेन्सिलनं ओळ खोडली. पेन्सिलनं, कारण यादीतली ओळ मी शाईनं कधी खोडत नाही. एवढीच माझी सावधगिरी.

बारा तारखेला कॅसेट उतरवली. जेवणाचा भोंगा झाला. सुई उडाली, स्टॅबिलायझर चारदा वाजला, मग सुई खाली येऊन बसली. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या, मध्ये कार्ड निवायला वेळ गेला; तिसऱ्या खेपेला विलासनं व्हीसीआरची रेकॉर्डची दोन बटणं एकदम दाबली. वेस आली, पहिलं घर आलं, लिंब आला. गल्ली वाहत होती, पाण्यासारखी. विहिरीच्या काठाशी येऊन चालणं थांबलं आणि मी स्क्रीन काळी केली. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती, पण भिंतीपलीकडं जिन चालू झाली नव्हती. फटीतून रशीदभाईंचा आवाज आला, "झालं का? दाबू स्टार्टर? मालक बोंबलायलाय!"

गुरुजी उठून उभे राहिले होते. त्यांनी मला नमस्कार केला. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. मी म्हटलं, गुरुजी, असं करू नका.

चौदाला आम्ही लग्नांच्या कामाची जीप, टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन त्यांच्या गावी गेलो. वंदना झाली. समाजमंदिरात खिडक्यांना पोती लावून अंधार केला. पुढं पोरं, मागं बाया, भिंतीला टेकून म्हातारे. गुरुजी चार वाक्यं बोलले आणि विलासनं कॅसेट लावली.

वेस आली. पहिलं घर आलं.

"थांबव! ए, थांबव रे!" एक म्हातारे ओरडले. "हे किसनचं न्हाई का?"

विलासनं थांबवलं.

"किसनचंच की. आन् त्याच्या वट्ट्यावर त्याची आजी बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या द्यायला."

"मला दिल्यात," दुसरे म्हणाले. "रोज."

पोरं हसली. पुढं चाललो. दोन सेकंदांत दुसरी हाक. "थांबव!" लिंब डावीकडं का उजवीकडं यावर दोन बायांची जुंपली. पुन्हा सुरू, पुन्हा "थांबव". अकराव्या दारातला रांजण पाहून एक माणूस उठून पडद्याजवळ गेला आणि त्यानं काचेला हात लावला. त्याच्या लेकीनं विचारलं, "बाबा, त्यात पाणी कोण भरायचं?" "मी," तो म्हणाला. "दुसरं कोण भरनार?"

चार मिनिटांची कॅसेट पावणेदोन तास चालली.

मी मागं उभी होते आणि मला हसावं का कपाळावर हात मारावा कळत नव्हतं. तीन आठवडे, दोन क्रिस्टलं, जिनिंगची खोळंबलेली मोटार, सगळं कशासाठी, तर चालणं अडखळू नये म्हणून. आणि माणसं एकेका दारात थांबत होती. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी हळूच खांदे उडवले.

विहीर आली. पडदा काळा झाला. टाळ्या वाजल्या. मग बायांच्या मधून एक बारीक आवाज आला, "आन् माजं?"

टाळ्या थांबल्या. वाळकीशी, ताठ कण्याची एक म्हातारी उभी राहिली होती. एकतीस दारांवर ती एक शब्द बोलली नव्हती. आपली पाळी यायची वाट बघत होती.

"हिरीच्या पुढं चाल की रं बाबा," ती विलासला म्हणाली. "माजं घर वळनावर हाय. थांबलास का?"

गुरुजी पुढं झाले. "कौसामावशी, ते... चूक माझी हाय."

"यादीतून मी काढलं," मी म्हटलं. "त्याला दार नव्हतं लिहिलेलं, म्हणून मला वाटलं..."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. गुरुजींना म्हणाली, "शाळंत व्हतास तवा दुपारच्याला माज्याकडं ताक प्यायला यायचास. तवा दार हुडकलं व्हतंस का?"

गुरुजींनी हात जोडले.

"गुर्जी झालास, पर गनित न्हाई आलं तुला. बत्तीस घरं व्हती." असं म्हणून ती शांतपणे खाली बसली.

माझ्या धंद्यात चूक झाली की ती दुरुस्त करायची, तिच्यावर बसून राहायचं नाही, असा माझा नेम आहे. मी पर्समधून वही काढली आणि गर्दीतून वाट काढत कौसाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मावशी, सांगा. भिंत कशाची?"

"कुडाची. सारवलेली."

"दार कुठल्या तोंडाला?"

"दार कुठलं बाई? पोतं व्हतं."

"पोतं?"

"खताचं. हिरवी अक्षरं व्हती त्याच्यावर. वाचता कुनाला येतंय? वाऱ्यानं हलायचं. हललं की सांच्याला कुत्रं भुकायचं." आता ती माझ्याकडं बघत होती. "लिव्हलंस का?"

"लिहिलं."

"काय लिव्हलंस, वाच."

मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली.

जीपमध्ये परतताना गुरुजी पुढं बसले होते. सेलू जवळ आल्यावर म्हणाले, "ताई, परत करावं लागंल. आणि कार्ड तर चार मिनिटांच्या पुढं जात न्हाई."

पण मला तोवर कळलं होतं, आणि आधी का कळलं नाही याची चुटपुट मला आजही आहे. माणसं प्रत्येक दारात थांबणार असतील, तर चित्रानंही थांबावं. थांबलेलं चित्र असलं की व्हीसीआर तिथं बंद करून पुन्हा चालू करता येतो. जोड दिसत नाही, कारण काही हलतच नसतं. आणि दार आलं, कॅसेट थांबवली, की कार्डालाही निवायला वेळ मिळतो. दोन घरांमधलं चालणं चार-पाच पावलांचं. त्याला कसला आलाय वेग? मी सगळं अवघड करून ठेवलं होतं, कारण एका दमात न अडखळता चालणं म्हणजेच घरी जाणं, असं गुरुजी म्हणाले आणि मी विचार न करता लिहून घेतलं.

गावच्या माणसांनी केलेल्या दुरुस्त्या मी सतरा मोजल्या. लिंब डावीकडं गेला. किसनच्या ओट्यावर आजी बसली, तीन चौकोनांची. जलद क्रिस्टल काढून मूळचं परत बसवलं, व्होल्टेजचा स्क्रू पाच पूर्णांक शून्यावर आणला, अॅल्युमिनियमचा तुकडा बँडवाल्याला परत दिला. आणि चालणं उलट केलं: सुरुवात वळणावरून, कौसाबाईंच्या घरापासून, शेवट वेशीत. ही सूचना गुरुजींची.

पोत्यावर मी दोन दिवस घालवले. प्रोग्रामला दार म्हणजे काळा चौकोन एवढंच माहीत होतं. त्याला हलणारं दार शिकवायला वेगळी पानभर आज्ञा लिहावी लागली. मूळच्या सावकाश कार्डावर ते पोतं धक्के खात हलायचं. एकदम फुगायचं, मग लुळं पडायचं.

मे महिन्यात गुरुजी ती कॅसेट घेऊन एसटीनं गावी गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, या वेळी कौसाबाई सगळ्यात पुढं बसल्या होत्या. पोतं हललं, तशा म्हणाल्या, "हां. आसंच हलायचं. झटका देऊन." मग एका मुलीला कोपर मारून त्या म्हणाल्या, "बघ, ते माजं घर. पैलं."

जलद क्रिस्टल अजून फिल्मच्या रिकाम्या डबीत ठेवलेलं आहे, डबीला चिठ्ठी लावून. नंतरची दोन वर्षं ते नवरदेवांच्या कामाला आलं. गुरुजींची फुलस्केप यादीही त्यांच्याच सांगण्यावरून माझ्याकडं राहिली. बत्तिसाव्या ओळीवरची पेन्सिलीची रेघ मी खोडरबरानं काढली, पण बारकाईनं बघितलं तर अजून दिसते. रिकामा रकाना गुरुजींनी स्वतः भरला, दोन पेनांपैकी निळ्यानं: दार नाही. पोतं. हलतं.